निरोपाची कुस्ती

१

हार्कर्स बेंड गावातल्या जवळपास प्रत्येक माणसाला बेन्को बंधूंनी कधी ना कधी उताणं पाडलं होतं, आणि पडलेल्यांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

धाकटा वेंडल शाळेची बस चालवायचा. सकाळी पोरं शाळेत ओतायची, दुपारी पुन्हा भरून घरोघर वाटायची, आणि मधला सगळा वेळ घराच्या तळघरात काढायचा. तिथे कपडे धुण्याचं मशीन, बॉयलर, ख्रिसमसच्या झाडाचं खोकं आणि एक जुना, पोट सुटलेला टीव्ही होता. टीव्हीसमोर दोन खुर्च्या. एक वेंडलची, दुसरी त्याच्या थोरल्या भावाची, ऑगीची. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून ऑगीला उद्योग नव्हता, त्यामुळे तो वेंडलच्या आधीच येऊन बसलेला असायचा. या दोन खुर्च्यांवरून दोघं भाऊ कुस्तीची कंपनी चालवायचे. नाव 'आयर्न बेंड रेसलिंग'.

कंपनी व्हिडिओ गेममधली. त्या गेमबरोबर तयार पैलवान मिळतात, पण त्यांना या दोघांनी कधी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी आपले पैलवान आपण घडवले. नाक किती लांब, पोट किती सुटलेलं, चड्डीचा रंग कुठला, राग किती, ताकद किती, दम किती, सगळं आकडे टाकून ठरवता येतं. मग त्यांनी गावच उचलून रिंगमध्ये टाकलं. दातांचा डॉक्टर काळा मुखवटा घालून यायचा आणि फक्त जबड्यावर मारायचा. सॉसेजवाला स्टॅश समोरच्याला पिळून काढायचा. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, लाटणाऱ्या तीन म्हाताऱ्यांची 'तीन विधवा' नावाची टोळी होती, आणि जोडीच्या सामन्यांचा विजेतेपदाचा पट्टा वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होता. त्यांच्यातल्या एकीचा नवरा अजून जिवंत आहे, असं वेंडलनं नाव ठरवताना लक्षात आणून दिलं होतं.

"बघितलंय त्याला," ऑगी म्हणाला होता. "राहू दे विधवाच."

कंपनीचे नियम कडक. सामना लागला की कंट्रोलर जमिनीवर ठेवायचा, दोन्ही बाजूंनी कंप्युटरनं लढायचं. मालकानं मध्ये हात घातला की कंपनी बुडाली, हे ऑगीचं मत. आता कोण जिंकणार हे मालकच ठरवणार, पण ते आधी. ज्याला हरवायचं त्याचे आकडे सामन्यापूर्वी थोडे खाली आणायचे. याला ऑगी 'औषध देणं' म्हणायचा.

आणि सगळ्यात मोठा नियम होता निरोपाचा. तो काही त्यांनी शोधून काढलेला नव्हता. कुस्तीच्या धंद्यात जत्रेतल्या तंबूंपासून तो चालत आलेला आहे. कंपनी सोडून जाणाऱ्यानं जाण्यापूर्वी शेवटचा सामना हरायचा, तोही जो मागे राहणार आहे त्याच्याकडून. आपली जागा मागे ठेवून जायचं, सोबत न्यायची नाही. म्हणून टपालवाला फ्लोरिडाला राहायला गेला तेव्हा भावांनी त्याला नव्या टपालवालीकडून पाडलं. जुने पाद्री वारले तेव्हा नव्या पाद्र्यानं त्यांना अगदी हळू, डोक्याखाली हात घालून आडवं केलं. त्या वेळी ऑगीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते सॉसेजबरोबरच्या झणझणीत मुळ्यावर ढकललं. निरोपाचा सामना संपला की याला कायमचं काढून टाकायचं का, असं गेम विचारायचा. मग दोघं भाऊ एकाच बटणावर अंगठे ठेवून 'हो' म्हणायचे.

ऑगी स्वतः कंपनीत होता. पोलादी ऑगी, मुख्य पट्ट्याचा मानकरी. वेंडलला मात्र त्यांनी कधी घडवलं नाही. बस चालवणाऱ्याला बघायला तिकीट कोण काढणार, असं ऑगीचं म्हणणं.

२

मग ऑगीच्या छातीनं दगा दिला. कारखान्यात इतकी वर्षं गिळलेली धूळ आता हिशेबाला बसली. वेंडलनं त्याला आपल्या घरी आणलं आणि तळघराच्या बरोबर वरच्या खोलीत त्याचा पलंग टाकला. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. ते फुस्स करायचं, थांबायचं, ठक करायचं, आणि पुन्हा फुस्स. तळघरात बसलं की तो आवाज छतातून यायचा. ऑगीला जिना उतरणं जमेना, तेव्हा वेंडल सामने खाली लावायचा आणि जिन्याच्या दाराशी जाऊन निकाल ओरडून सांगायचा. वरून शिव्या यायच्या. त्यावरून कंपनी ठीक चालली आहे हे कळायचं.

पण हिवाळा लांबला. वेंडलच्या बायकोच्या, लोर्नाच्या डोळ्यांखाली काळं आलं. ती एका वकिलाच्या कचेरीत फोन घ्यायची. घरी आल्यावर ऑगीची भांडी, ऑगीच्या चादरी, ऑगीचा खोकला. ती बोलत काही नव्हती, आणि वेंडलला तेच जास्त लागत होतं. ऑगीची मुलगी ट्रुडी दूर वाळवंटातल्या टूसान शहरात राहायची. बाबांना माझ्याकडे पाठवा, म्हणून ती मागे लागली होती.

एका सकाळी बस लावून वेंडल घरी आला आणि त्यानं विषय काढला.

"ट्रुडी म्हणते तिकडची हवा कोरडी आहे. छातीला चांगली."

"सरडेसुद्धा तसंच म्हणतात," ऑगी म्हणाला.

"खोली रंगवून ठेवलीय तिनं."

"मग सुकू दे." मशीननं ठक केलं. "मी इथंच मरणार, बसवाल्या. तुझ्या डोक्यावर. तू खाली, मी वर. एखाद दिवशी गळायला लागेन तुझ्या टकलावर."

"लोर्ना दमलीय, ऑगी."

"लोर्ना की तू?"

ऑगीनं नाकातली नळी नीट केली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"उतरवायचं असेल तर सरळ सांग की, थांबा आलाय म्हणून. इतक्या लोकांना रोज सांगतोस."

वेंडल उठला आणि खाली गेला.

३

रागात माणूस एखाद्याला सणसणीत पत्र लिहितो आणि मग फाडून टाकतो, तसंच आपण करतोय, असं त्याला वाटत होतं. त्यानं टीव्ही लावला आणि ऑगीच्या निरोपाचा सामना ठरवला. एकट्यानं. कंपनीत आजवर एकही सामना एकट्यानं ठरवलेला नव्हता.

निरोपाला मागे राहणारा कुणीतरी लागतो. ऑगीची जागा घेईल असा कोण? त्यानं अख्खं गाव डोळ्यांसमोरून नेलं. डॉक्टर नाही, स्टॅश नाही, विधवा तर नाहीतच. शेवटी कंटाळून त्यानं कोऱ्याला निवडलं.

नवा पैलवान घडवायला घेतला की गेम तुमच्यासमोर एक साचा उभा करतो. टक्कल, मध्यम उंची, करडी चड्डी. डोळे असतात, पण ते कुणाकडे बघत नाहीत. एका गोल चौथऱ्यावर तो उभा असतो आणि चौथरा सावकाश फिरत असतो. उजव्या पायावर भार, मग डाव्या पायावर, मग मान एकदा गोल, मग तळवा मांडीला पुसणं. पुन्हा उजवा पाय. तुम्ही त्याला नाकडोळे देईपर्यंत तो हेच करत राहतो. भाऊ त्याला 'कोरा' म्हणायचे, आणि कोऱ्याला तसाच रिंगमध्ये कधी सोडत नसत. ऑगीला तो आवडायचा नाही. "भाड्यानं द्यायच्या खोलीसारखा दिसतो," तो म्हणायचा.

वेंडलनं ऑगीला औषध दिलं. ताकद खाली, राग खाली. दमाचा आकडा खाली आणता आणता पार शून्यावर आला. ते शून्य बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण बोट मागे आलं नाही.

ऑगीच्या प्रवेशाचं अॅकॉर्डियन वाजलं, पोलादी ऑगी पट्टा खांद्यावर टाकून आला. कोरा संगीताशिवाय आला. घंटा झाली. कोऱ्यानं ना डाव टाकला ना ठोसा मारला. तो चालत पुढे आला, त्यानं आपला तळवा ऑगीच्या छातीवर ठेवला, आणि ऑगी मागच्या मागे पडला. पंचानं मोजलं. संपलं.

हरलेला पैलवान नेहमी कूस बदलतो, डोकं धरतो, दोराखालून सरपटत निघून जातो. ऑगी पडूनच राहिला. दिवे गेले, पडदा काळा झाला, आणि गेमनं विचारलं: याला कायमचं काढून टाकायचं?

तोपर्यंत राग उतरला होता. वेंडलनं 'नको' दाबलं आणि मन साफ करायला विधवांचा एक सामना लावला.

विधवा आल्या. रिंगच्या मधोमध ऑगी पडलेला होता. आदल्या सामन्यात पडला तसाच, तोंड छताकडे, एक हात अंगाखाली. विधवांनी त्याच्या अवतीभवतीच समोरच्यांना बडवून काढलं. तिसरीनं तर त्याला असा वळसा घातला जसा ती चर्चमध्ये ओल्या फरशीला घालायची.

गेमच्या तबकडीवर ओरखडा पडला असेल. वेंडलनं ती बाहेर काढली, शर्टाला पुसली, पुन्हा घातली. ऑगी तिथेच.

मग त्याच्या लक्षात आलं की छतातून आवाज येत नाहीये. ना फुस्स, ना ठक.

४

तो तीन-तीन पायऱ्या चढत वर गेला. पलंग रिकामा होता. नळी उशीवर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती. ऑगी स्वयंपाकघरात, खिडकीपाशी उभा होता.

"ऑगी?"

"बरं वाटतंय," ऑगी म्हणाला. आवाजात घरघर नव्हती.

वेंडल खुर्चीत बसला. हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टरनं छाती पुढून तपासली, मागून तपासली, जुने एक्स-रे दिव्यासमोर धरले आणि म्हणाला की कधीकधी शरीर आपल्याला आश्चर्याचा धक्का देतं. असं म्हणायचे पैसे घेतात ते, असं त्यावर ऑगीनं म्हणायला हवं होतं. ऑगी "धन्यवाद" म्हणाला.

घरात सुख आलं. ऑगी आपली ताटली आपण धुवायचा. पुढ्यात येईल ते संपवायचा, मुळा मागायचा नाही. लोर्नाच्या डोळ्यांखालचं काळं गेलं.

"मला हा ऑगी आवडतो," ती एकदा वेंडलला म्हणाली. "आधी कुठे ठेवला होतास?"

वेंडललाही तो आवडायला हवा होता. पण तो कधी बसायचा नाही. जेवायचासुद्धा ओट्याशी उभ्यानं. आणि हनुवटीवर, जिथे तापलेल्या पोलादाचा थेंब उडून लहान खड्डा पडला होता, तिथली कातडी आता गुळगुळीत होती. चांगली दाढी केली असेल, असं वेंडलनं स्वतःला सांगितलं. पडून पडून पाठ दुखली असेल, म्हणून उभा राहत असेल. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. एकेक कारण त्यानं बसमधल्या पोरासारखं आपापल्या जागी बसवलं. पण बस भरत गेली तशी ती शांत होत गेली, आणि पोरांनी भरलेली शांत बस म्हणजे मागे काहीतरी चाललंय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

एकदा तो वर्तमानपत्र वाचत होता, ऑगी खिडकीपाशी उभा होता. त्यानं भार उजव्या पायावर घेतला. मग डाव्या. मग मान एकदा गोल फिरवली. मग तळवा पँटला पुसला.

वेंडलनं वर्तमानपत्र तसंच धरून ठेवलं. उजवा पाय. डावा पाय. मान. तळवा.

तो तळघरात गेला, टीव्ही लावला आणि नवा पैलवान घडवायला घेतला. गोल चौथरा समोर आला. सावकाश फिरत होता. त्याच्यावर कुणी नव्हतं.

५

त्यानं परीक्षा घ्यायचं ठरवलं.

"म्हाताऱ्या," तो म्हणाला, "विधवांचा पट्टा काढून घेतोय मी. दातांच्या डॉक्टरला देतो."

ऑगी असता तर खिडकीच्या काचा हलल्या असत्या.

"तू म्हणशील तसं," ऑगी म्हणाला.

"आणि कंपनीचं नाव बदलतो. 'बसवाल्याची कुस्ती' ठेवतो."

"छान आहे."

वेंडलला रडू आलं. कोणीतरी आपल्याला येडा म्हणावं, म्हणून रडणारा तो हार्कर्स बेंडमधला पहिलाच माणूस असावा.

लोर्नाला सांगायचा त्यानं प्रयत्न केला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हा ऑगी नाहीये," तो म्हणाला.

"आजारपणातून उठलेला माणूस बदलतो, वेंडल."

"मला शिव्या देत नाही तो."

लोर्नानं घडी पूर्ण केली. "मग मी देऊ का?"

त्याच आठवड्यात एका दुपारी, ती कामावर असताना, वेंडल तळघरातून वर येत होता. हातात धुतलेले टॉवेल होते, पायांत नुसते मोजे. जिन्याचं दार अर्धवट उघडं होतं. फटीतून स्वयंपाकघर दिसत होतं, आणि ऑगी फ्रिजकडे तोंड करून उभा होता. बाजूनं दिसत होता. भार उजवीकडे, भार डावीकडे. आपल्याला कोणी बघत नाहीये असं त्याला वाटत होतं, आणि म्हणून त्यानं चेहरा ठेवलेला नव्हता.

म्हणजे चेहरा होता. नाकाचा उंचवटा होता, भुवईची कड होती. पण ते कुणाचंच नव्हतं.

पायरी वाजली. तो वळला. पूर्ण वळेपर्यंत गाल आले, तोंड आलं, ऑगीचं जाड नाक आलं. डोळे सगळ्यांत शेवटी आले.

"बरं वाटतंय," तो म्हणाला.

६

ट्रुडी बापाला न्यायला आली. इतक्या लांबून गाडी चालवत आली, दारात बापाला धडधाकट बघितलं आणि हमसून हमसून रडली.

"वेंडल काका, काय खायला घातलंत तुम्ही यांना? मी मिठी मारली तर सोडेचनात. मलाच सोडवून घ्यावं लागलं."

"ट्रुडी," वेंडल म्हणाला, "तो आता पहिल्यासारखा नाही."

"नाहीच आहेत. बरे आहेत. तुम्हाला सवय नाही त्याची, एवढंच."

तिच्या डोळ्यांत इतका आनंद होता की वेंडलनं पुढचं वाक्य सोडून दिलं. आणि पुढचं वाक्य तरी काय होतं? पोरी, तुझा बाप खाली टीव्हीत पडलाय?

ट्रुडी सामान भरायला लागली. वेंडल अंगणात उभा राहून बघत होता. एक बॅग गेली, दुसरी गेली, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाव सोडून कोण चाललंय? कोरा चाललाय. मग निरोपाची कुस्ती कोणाची? कोऱ्याची. आणि मागे राहणारा कोण? ऑगी. धंद्याचा सगळ्यात जुना नियम सरळसरळ त्याच्या बाजूनं होता. जाणाऱ्यानं हरून, जागा मागे ठेवून जायचं. गाडी सुटायच्या आत हे उरकलं की ऑगीची जागा ऑगीला परत.

तो तळघरात धावला. चौथरा रिकामा होता, पण सामना ठरवताना कोऱ्याचा रकाना अजून निवडता येत होता. त्यानं कोऱ्याचे आकडे तळाला नेले. ऑगीचे वर चढवले, ताकद, राग आणि सगळ्यांत शेवटी दम. शून्यावरून थेट जिथे आकडे संपतात तिथवर. आणि सामना लावला.

रिंगमध्ये ऑगी पडलेला. प्रवेशाचा पडदा हलला, पण बाहेर कोणी आलं नाही. पंच वाट बघत उभा.

छतातून पावलं ऐकू आली.

"बाबा, कुठे चाललात?" वरून ट्रुडीचा आवाज. "गाडी या बाजूला आहे."

"वेंडलला भेटतो."

जिन्याचं दार उघडलं. पायऱ्या एकेक करून वाजल्या, घाई न करता. वेंडलनं मागे बघितलं नाही. ते येऊन ऑगीच्या खुर्चीमागे उभं राहिलं. बसलं नाही.

टीव्हीवर कोरा रिंगमध्ये होता. येताना दिसला नाही, पण होता. भार उजव्या पायावर, मग डाव्या. मान गोल. मग त्यानं तळवा मांडीला पुसला, आणि त्याच क्षणी वेंडलच्या कानामागे पँटचं कापड खसखसलं.

घंटा झाली.

कोरा नुसता उभा राहिला. त्याला काही करायचंच नव्हतं. उठायचं होतं ते ऑगीला. वेंडलनं जमिनीवरचा कंट्रोलर उचलला. मालकानं मध्ये हात घातला. बुडू दे कंपनी. तो दिसेल ते बटण दाबत सुटला.

"ऊठ," तो म्हणाला. "ऊठ, म्हाताऱ्या. त्याचे पाय बघ, काड्या आहेत. नुसता ढकल."

ऑगीची छाती हलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. वेंडलनं दिलेला सगळा दम तिच्यात भरत होता, आणि तो संपणारा दम नव्हता. बाकी शरीर तसंच पडलेलं.

"शाब्बास. आता हात. हात टेक आणि ऊठ."

अंगाखालचा हात बाहेर आला. वर उचलला गेला. वेंडल खुर्चीतून अर्धा उठला. हात चटईवर आपटला. पुन्हा वर गेला, पुन्हा आपटला.

कुस्ती बघत वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल हे काय ते. समोरच्यानं असा काही पेच घातलाय की आता सोसत नाही, तेव्हा पैलवान तळव्यानं चटई आपटतो. हरलो. सोडा मला.

पण कोऱ्यानं त्याला धरलेलं नव्हतं. त्याला कोणीच धरलेलं नव्हतं. ऑगीची मान इतकीच वळली की डोळे पडद्यातून बाहेर, दोन खुर्च्यांच्या दिशेला लागले. त्यांतल्या एकाच खुर्चीवर माणूस होता.

पंचानं घंटा वाजवली. कोऱ्याचा हात वर केला.

"बरं," मागून आवाज आला. वेंडलच्या खांद्यावर तळवा टेकला. गरम नव्हता, गार नव्हता. नुसतं वजन. "निघतो मी."

पायऱ्या वाजल्या. वर दारं उघडली, मिटली. ट्रुडीनं हाक मारून निरोप घेतला, लोर्नानं काहीतरी खायचं बांधून दिल्याचं ऐकू आलं. मग गाडी सुरू झाली. जिंकून आणि जागा सोबत घेऊन आयर्न बेंड सोडणारा तो पहिला.

टीव्हीवर अक्षरं आली: याला कायमचं काढून टाकायचं?

अक्षरांमागे हात अजून आपटत होता. पंच निघून गेला होता, आता तो ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. वेंडलनं अंगठा 'हो'वर ठेवला. ऑगी काय मागतोय ते त्याला लख्ख कळत होतं. पूर्वी हेच बटण दाबायला अंगठे दोन असायचे.

हिवाळ्यात ज्याला घराबाहेर काढायला तो उतावीळ झाला होता, त्याला आता तो जाऊ देईना. त्यानं 'नको' दाबलं.

७

टूसानहून ट्रुडीचे फोन येतात. बाबा मजेत आहेत. अंगणात उभे असतात. शेजाऱ्यांना फार आवडतात.

वेंडल सकाळी पोरं शाळेत ओततो आणि तळघरात जातो. सामन्यामागून सामना लावतो. थांबलं की दिवे जातात, पडदा काळा होतो, आणि काळ्यातून तो आवाज येत राहतो, ओल्या मांसावर तळवा मारल्यासारखा. दिवे असले, गर्दी ओरडत असली की तितका ऐकू येत नाही. डॉक्टर येतो, स्टॅश येतो, नवा पाद्री येतो. आता सगळ्यांना सवय झालीय. न बघता वळसा घालतात.

परवा लोर्ना धुतलेले कपडे न्यायला खाली आली. टोपली कमरेवर घेऊन टीव्हीसमोर थांबली. एरवी ती कधी थांबत नाही, तिला यातलं काही कळत नाही.

"अगंबाई," ती म्हणाली. "हा आपला ऑगी ना? हुबेहूब केलायस की. हनुवटीवरचा खड्डासुद्धा."

"हो."

"पडलाय का असा?"

"तसाच असतो तो."

ती जरा पुढे वाकली. "आणि हात कशाला आपटतोय?"

वेंडलनं विधवांना रिंगमध्ये बोलावलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

"लोकांना हाक मारतोय," तो म्हणाला. "त्याला गर्दी लागते, माहितीये ना तुला."

लोर्ना हसली. तिनं टीव्हीतल्या ऑगीला हात हलवून दाखवला, टोपली सावरली आणि वर निघून गेली.